जुना बिडाचा पाइप बदलताना भिंतीतला तुकडा ठेवू नका

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दुमजली घरांच्या मागच्या भिंतीवर न्हाणीघराच्या सांडपाण्याचा बिडाचा पाइप अजून दिसतो. सांध्यात पिंपळ, खाली गंजाचे पोपडे, शेजारच्या गिलाव्यावर हिरवा-काळा ओघळ. हा पाइप काढून पीव्हीसीचा बसवणं तीन-चार दिवसांचं काम. मी ते कितीतरी घरांत केलंय. नवा पाइप बसवूनही ओल थांबली नाही म्हणून लोक बोलावतात, तेव्हा चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते: पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे.

सामान घेताना पाइपावर आयएस 13592 (सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांचं भारतीय मानक) आणि ‘टाइप बी’ छापलंय का ते स्वतः वाचून घ्या. टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांसाठी असतो. 110 मिलिमीटरच्या पाइपात ए ची जाडी 2.2 मिलिमीटर, बी ची 3.2. सांडपाण्याला बी च हवा, दुकानदार काहीही म्हणो. उभ्या ओळीसाठी 110 चा घ्या, भिंतीतून येणाऱ्या तुकड्यासाठी 75 चा.

जुना पाइप वरून खाली उतरवा, प्रत्येक तुकडा आधी दोराने बांधून. सहा फुटी बिडाचा तुकडा वीस किलोहून जड असतो, शिडीवर उभं राहून तो पेलायला जाऊ नका, परांची बांधा. पाइप बिडाचा नसून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर त्याला ग्राइंडर लावू नका. ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. भिजवून, न फोडता, अख्खा उतरवा.

आता भिंत. नहाणी ट्रॅप म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीत जाळीखाली बसवलेलं, थोडं पाणी धरून वास अडवणारं भांडं. जुन्या नहाणी ट्रॅपचा बिडाचा तुकडा भिंतीतून चार-सहा इंच बाहेर आलेला असतो. सगळे सांगतात, ‘तो राहू दे, त्यावर पीव्हीसी चढव आणि सिमेंट भर.’ हा सल्ला ऐकू नका. मी सुरुवातीला हेच केलं होतं. तीन महिन्यांनी खालच्या खोलीत, आजींच्या पलंगाच्या उशाशी, ताटाएवढा ओला डाग उमटला. नुकताच दिलेला रंग फुगून हाताला पापडासारखा सुटत होता. सिमेंट पीव्हीसीला धरत नाही. ऊन लागलं की पाइप हलतो, सिमेंट जागच्या जागी राहतं आणि मध्ये केसाएवढी फट पडते. त्या फटीतलं पाणी बाहेर ठिबकलं असतं तर निदान दिसलं असतं. ते विटांत मुरतं. शिवाय तो तुकडा बाहेरच्या पाइपाइतकाच म्हातारा. त्याच्या पोटात काय झालंय ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून न्हाणीघरातली दीड फूट चौकोन लादी काढा आणि ट्रॅपसकट तुकडा बाहेर घ्या. लादी फोडायची म्हटलं की घरमालकाचा चेहरा पडतो, पण इथे मी माघार घेत नाही. नवा पीव्हीसीचा नहाणी ट्रॅप घ्या, ज्याच्या आत किमान 50 मिलिमीटर पाणी उभं राहील. त्यापेक्षा कमी असेल तर उन्हाळ्यात गावाला गेलात की पाणी सुकतं आणि घरभर वास येतो.

भिंतीत जाणाऱ्या पाइपाचं अंग गुळगुळीत असतं. तसंच बसवलंत तर सिमेंट-वाळूचा मसाला त्याला धरणार नाही. जेवढा भाग भिंतीत राहणार तेवढ्यावर सोल्युशनचा (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाचा) हात मारा आणि ते ओलं असतानाच चाळलेली कोरडी वाळू भुरभुरा. तुकडा फिरवत फिरवत सगळीकडे. वाळल्यावर अंग पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं, बोट फिरवलं तर कण सुटता कामा नयेत. मग चौदा इंची भिंतीत बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतार देऊन बसवा. भोवती एकास तीन मसाला वॉटरप्रूफिंगचं औषध घालून भरा, पण एका बाजूने ढकलून नाही. आतून आणि बाहेरून दोघांनी मिळून, सळीने ठासत. मध्ये पोकळी राहिली की सगळी मेहनत वाया.

दोन दिवस पाणी मारा. मग बाहेरचं तोंड बुचाने बंद करून ट्रॅप जाळीपर्यंत भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाणी खुणेवर असेल तरच पुढे जा. लादी त्यानंतर.

उभा पाइप त्यामानाने सोपा, पण सांधे रबर रिंगचेच. पहाटेच्या गारव्यापासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत पाइपाच्या तापमानात 30 अंशांचा फरक सहज पडतो, आणि 3 मीटरचा पाइप तेवढ्यात सहाएक मिलिमीटर वाढतो. सोल्युशनने सगळं जखडलंत तर तो ताण भिंतीतल्या तुकड्यावर येतो. पाइपाचं टोक कानशीने उतरतं करा, साबणाचं पाणी लावा (तेल नको, रबर खराब होतं), सॉकेटात (दुसऱ्या पाइपाच्या रुंद तोंडात) पूर्ण आत ढकला, खूण करा आणि 10 मिलिमीटर परत बाहेर ओढा. भिंतीतला तुकडा ज्या टीला (तीन तोंडांच्या जोडाला) येतो तिथला क्लॅम्प घट्ट आवळा, मधले क्लॅम्प पाइप सरकेल इतके सैल ठेवा. टी तपासणीच्या झाकणाची घ्या.

वर टोक गच्चीच्या कठड्यापेक्षा उंच नेऊन काऊल (हवा जाऊ देणारी जाळीची टोपी) बसवा. खाली एकच काटकोनी बेंड नको, 45 अंशांचे दोन लावा आणि पाणी गल्ली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेल्या, वास अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये) सोडा. संडासाचा पाइप वेगळा असेल तर तो थेट चेंबरलाच जाऊ द्या, दोन्ही एकत्र करण्याची घाई करू नका.

परांची सोडण्याआधी वरच्या न्हाणीघरात एकापाठोपाठ चार बादल्या ओता आणि खाली प्रत्येक सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कागद फिरवा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर लगेच उमटते.