पांढऱ्या शिरेच्या शेजारचा खडक

कॅनडातील ऑन्टारिओ आणि क्वेबेक प्रांतांमध्ये पसरलेल्या अबिटिबी हरितशिला पट्ट्यात (प्राचीन, रूपांतरित ज्वालामुखीय खडकांच्या प्रदेशात) नव्याने कामाला लागणाऱ्याने ड्रिल कोअरमध्ये, म्हणजे जमिनीत छिद्र पाडून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात, आधी सोने शोधू नये. सोने आणणाऱ्या द्रवाने खडकात काय बदल केले ते पाहावे. मला हे उशिरा उमगले. पहिल्या हंगामात मी केवळ पांढऱ्या क्वार्ट्झ शिरांवर नमुन्यांच्या खुणा केल्या आणि शेजारचा मळकट, तपकिरी बेसाल्ट पेटीत तसाच ठेवला. वरिष्ठांनी तो नंतर कापायला लावला, तेव्हा शिरेपेक्षा त्यातच अधिक सोने निघाले.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या या खडकांमध्ये पोर्क्युपाइन-डेस्टर आणि लार्डर लेक-कॅडिलॅक या प्रस्तरभंगांच्या आधाराने जे गरम पाणी वर आले, त्यात क्षार कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर होता, आणि सोने गंधकाशी संयोग पावून विरघळलेले होते. हे पाणी लोहयुक्त बेसाल्टमध्ये मुरले की लोह गंधक ओढून घेते, त्यातून पायराइट तयार होते आणि गंधकाची साथ सुटलेले सोने तिथेच साचते. म्हणूनच शिरेच्या कडेचा पायराइटयुक्त भाग कधीही वगळू नये.

त्याच पाण्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे खडकात कार्बोनेट खनिजे तयार होतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच कॅल्साइट फसफसते; अँकेराइट मात्र बहुधा खरवडून भुकटी केल्यावरच दाद देते. शिरेकडे जाताना कॅल्साइट संपून अँकेराइट कुठे सुरू होते, हे मीटरच्या आकड्यासह नोंदवावे. क्रोमियममुळे हिरवागार झालेला फुक्साइट अभ्रक नवख्यांना भुरळ घालतो, पण तो मूळ खडकात क्रोमियम होते एवढेच सांगतो. शीलाइट हे टंगस्टनचे खनिज असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली निळसर पांढरे चमकते. कंटाळवाण्या दिवसांतील तेवढीच करमणूक!

नमुन्यांबाबत मात्र कठोर असावे. सोन्याचे कण विखुरलेले असल्याने फायर असेसाठी, म्हणजे भट्टीत वितळवून सोने मोजण्याच्या चाचणीसाठी, घेतलेल्या ३० ग्रॅम भुकटीत एखादा जाड कण आला की आकडा फुगतो, न आल्यास कोसळतो. डोळ्यांना सोने दिसत असेल तर मोठा नमुना चाळून त्यातील जाड कणांचे पृथक्करण वेगळे करून घ्यावे. अशा नमुन्यामागोमाग निर्धातुक खडकाचा नमुना ठेवावा, म्हणजे दळणयंत्रात अडकलेले सोने पुढच्या पिशवीत गेले असल्यास ते लगेच पकडता येते.