बीपीचं मशीन लावायच्या आधी पाच मिनिटं पडवीत बसा

आमच्या वाडीत आता घरोघरी बीपीचं मशीन आलंय, पण बघते तर माणूस बाजारातून घाटी चढून येतो, माशांची पिशवी खाली ठेवतो आणि धापा टाकतच पट्टा लावतो, मग १६० दिसले की घरभर घाबराघाबर. मशीन बरोबरच असतं हो, पण तो आकडा चढणीचा असतो.

आत काय होतं बघा. मेंदूच्या अगदी तळाशी लंबमज्जा आहे, तिथून सिम्पथेटिक नसांना, म्हणजे शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या मज्जातंतूंना, सतत सिग्नल जातात, रक्तवाहिन्या आवळा, हृदय जोरात चालवा. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत प्रेशर ओळखणारे सेन्सर असतात, प्रेशर वाढलं की ते कळवतात आणि सिग्नल कमी होतात. पण चढ चढलात, भांडलात, घाबरलात की मेंदूच वरून जोर लावतो, किडनीवरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, आणि हे सगळं ओसरायला थोडा वेळ लागतोच.

म्हणून अर्धा तास आधी चहा, विडी, मिश्री काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा, हळूहळू श्वास घ्या. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत, हात टेबलावर टेकवलेला, आणि मोजताना बोलायचं नाही, फोनसुद्धा उचलायचा नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर वही डॉक्टरांना दाखवा.

आकडा चांगला आला म्हणून गोळी मात्र सोडू नका, प्लीज. किडनीतून सुटणाऱ्या रेनिन नावाच्या द्रव्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे हार्मोन बनतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि वर मेंदूलाही सिम्पथेटिक सिग्नल वाढवायला लावतं, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी त्यालाच अडवते, म्हणजे आकडा गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

घरात म्हातारं माणूस असेल, उठताना चक्कर येत असेल तर अजून एक करा. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा, बाजूला कोणीतरी धरायला हवंच. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा, उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि नसा ते वेळेवर सावरत नाहीयेत.

१८०/१२० च्या वर, सोबत छातीत दुखणं, दम, बोबडं बोलणं असेल तर परत मोजत बसू नका, सरळ गाडी काढा.