एमजीबीचा सेल्फ उतरवण्याआधी या चुका टाळा

किल्ली फिरवली, 'टक्' झालं आणि पुढे शांतता. एमजीबी असो, मिजेट असो वा ट्रायम्फ स्पिटफायर, या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा मालक पाना उचलतो तो थेट सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उतरवायला. पहिली चूक हीच. एमजीबीत तर तो अशा अडचणीत बसवलाय की वरच्या बोल्टपर्यंत पोचेस्तोवर बोटांची सालं निघतात.

आधी हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मिणमिणले तर बॅटरी उतरलीय, तिचं टर्मिनल खराब आहे किंवा सेल्फ अडकलाय. दिवे तसेच झगझगीत राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये.

सेल्फची भूक मोठी. 200 अँपिअरच्या वाटेत गंजामुळे नुसता 0.01 ओहमचा अडथळा आला, तरी 2 व्होल्ट तिथेच खर्च होतात. त्यात सुरुवातीच्या एमजीबीत सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे चार टर्मिनलं, मधली जोडतार आणि पुढे इंजिनापर्यंतची लांबलचक केबल. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर (टर्मिनलवर नव्हे, खुद्द खांबावर) आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून बरंच जास्त दिसलं, तर दोष सेल्फचा नाही, वाटेतला आहे. हीच तपासणी अर्थिंगच्या, म्हणजे करंटच्या परतीच्या बाजूनेही करा. ती बाजू हमखास विसरली जाते.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचं अर्थिंग एका विणलेल्या पट्टीवर अवलंबून. माझ्या गाडीचा क्लच बदलताना गॅरेजवाल्याने ती काढली आणि परत लावलीच नाही. इंजिन कण्हत फिरायचं. एकदा सेल्फ मारल्यावर चोकच्या केबलला हात लागला आणि चटकाच बसला! सगळा करंट त्या बिचाऱ्या तारेतून परत जात होता.

दुसरी चूक तेलाची. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बेंडिक्सचा सेल्फ असतो, झटक्यासरशी त्याचं पिनियन (छोटं दातेरी चाक) सरकून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत शिरतं. सरकत नाही म्हणून तेल घालाल, तर क्लचची धूळ चिकटून काळा चिखल होईल. रॉकेलने धुऊन कोरडंच ठेवा. पिनियन अडकलंच, तर इग्निशन बंद करून टॉप गिअर टाका आणि गाडी मागे-पुढे हलवा. बऱ्याच सेल्फना मागच्या टोकाला चौकोनी दांडा असतो, तो पान्याने फिरवला तरी सुटतं.

पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्ह केली म्हणून सेल्फ बदलायला कोणी सांगितलं, तर ऐकू नका. सेल्फमधलं फील्ड (स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्हींतला करंट एकदमच उलटतो, त्यामुळे फिरायची दिशा तीच राहते.

आणि हातोडीने हलकेच ठोकल्यावर सेल्फ चालला, तर खूश होऊ नका. कार्बन (आर्मेचरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. ते 8 मिमीपर्यंत आले असतील तर आता मात्र तो वरचा बोल्ट सोडवावाच लागेल.