रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय? आधी गोळी, बाकीचं मागाहून

एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण मला एकच विचारतात, "घरी कसं सांगू?" मी म्हणते, ते बघू, आधी औषध चालू करा. मी स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या औषधांवर आहे, नव्याने आलेल्यांशी बोलणं हे माझं काम, आणि या क्रमाबद्दल मी हट्टी आहे.

पूर्वी सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली येईपर्यंत थांबवायचे. 2015 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, आकडा कितीही असो, सगळ्यांना औषध द्या. निदान पक्कं झालं असेल आणि तुमची तयारी असेल, तर त्याच दिवशीही सुरुवात होते. "तब्येत ठणठणीत आहे, मग घाई कशाला?" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एक मात्र लपवू नका: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, सतत दुखणारं डोकं. टीबी किंवा मेंदूज्वराची शंका असेल तर डॉक्टर आधी ते तपासतात.

पहिल्या भेटीत सीडी-फोर, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि हेपटायटिस बी या तपासण्यांचं विचारा. सीडी-फोर 200च्या खाली असेल तर इतर संसर्ग टाळायला जास्तीची औषधं लागू शकतात. हेपटायटिस बी असेल तर एआरटीतलं टेनोफोव्हिर त्यावरही काम करतं, म्हणून गोळी अचानक बंद केली तर लिव्हरचा त्रास उसळू शकतो. आणि घरात घेता ती सगळी औषधं सांगा, साधी वाटणारीसुद्धा. तुमच्या एआरटीत डोल्युटेग्राव्हिर हे औषध असेल तर अ‍ॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोह यांच्या वेळा विचारून घ्या. ती एकत्र घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही. या गोष्टी फार कमी लोक विचारतात.

डोस चुकला तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन गोळ्या एकदम नकोत.

साधारण सहा महिन्यांनी व्हायरल लोड बघतात. तो दबला, म्हणजे तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला, आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे ऐकल्यावर लोकांचे चेहरे बदलतात, म्हणून मी ते पहिल्याच भेटीत सांगते. स्तनपानाचा हिशेब वेगळा आहे, तो डॉक्टरांशीच बोला.

आता सांगण्याबद्दल. शेजारी, ऑफिस, चुलत-मावस, कुणालाही सांगायची घाई नाही. जोडीदाराचं तसं नाही, त्याची किंवा तिची चाचणी व्हायला हवी. गेल्या 72 तासांत असुरक्षित संबंध आला असेल तर जोडीदाराला संसर्ग टाळणारी औषधं देता येतात, म्हणून तिथे तास मोजायचे. मारहाणीची भीती असेल तर एकट्याने सांगू नका, समुपदेशकाला सोबत घ्या. आईला एचआयव्ही असेल तर मुलांचीही चाचणी करून घ्या.

झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना सांगा. आणि गाव बदलणार असाल तर निघण्याआधी औषधांची नोंद आणि पुढच्या केंद्रासाठीची चिठ्ठी मागून घ्या, म्हणजे नव्या जागी डोस तुटत नाही.