स्किप्टन कसे पाहावे: बाजारापासून डोंगरापर्यंत

इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायरचे स्किप्टन हे गाव यॉर्कशायर डेल्स या डोंगर-खोऱ्यांच्या प्रदेशाचे प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते आणि नेमक्या याच ओळखीमुळे पुष्कळ प्रवासी तेथे जेमतेम तासभर थांबून पुढच्या दऱ्याखोऱ्यांकडे निघून जातात. असे करू नये. जुन्या इंग्रजीत या नावाचा अर्थ ‘मेंढ्यांचे गाव’ असा होतो. डोंगरांतली जनावरे आणि लोकर विक्रीसाठी खाली याच पेठेत येत असे, त्यामुळे पेठ पाहून मगच डोंगर पाहिला तर दोन्ही नीट कळतात. त्यासाठी किमान एक मुक्काम हवा.

प्रवासाची तारीख ठरवताना आधी बाजाराचा वार पाहावा. हाय स्ट्रीटवर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी बाजार भरतो. जॉन राजाने १२०४ मध्ये त्याची सनद दिली होती. शनिवारची गर्दी टाळून मधला एखादा वार निवडावा, म्हणजे विक्रेत्यांशी चार शब्द बोलता येतात. लीड्सहून रेल्वेने सुमारे पाऊण तासात स्किप्टनला पोहोचता येते आणि स्थानकापासून पेठ पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तेव्हा मोटार घेऊन जाण्याची गरज नाही. बाजारात वेन्सलीडेल चीज अवश्य घ्यावे, कारण ते याच डेल्समधल्या एका खोऱ्याचे आहे. थोडे सुटे पौंड जवळ असलेले बरे.

पेठेच्या वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आणि त्याला लागूनच किल्ला आहे. किल्ल्यासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत, कारण इंग्लंडमधील मध्ययुगीन किल्ल्यांपैकी इतका शाबूत आणि अजूनही पूर्ण छपराखाली असलेला किल्ला क्वचितच पाहायला मिळतो. नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस येथे पहिली तटबंदी उभारली आणि १३१० पासून हा किल्ला क्लिफर्ड घराण्याकडे आला. महादरवाजावर दगडात कोरलेले ‘देसोरमे’ हे त्या घराण्याचे फ्रेंच बोधवाक्य आहे. त्याचा अर्थ ‘यापुढे’. राजा आणि संसद यांच्यातील इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणाऱ्या या किल्ल्याने तीन वर्षांचा वेढा सोसला आणि डिसेंबर १६४५ मध्ये शरणागती पत्करली. त्यानंतर झालेली मोडतोड लेडी अ‍ॅन क्लिफर्ड यांनी दुरुस्त करून घेतली. त्यांचा जन्म १५९० मध्ये याच किल्ल्यातला. त्यांचे वडील १६०५ मध्ये वारले, परंतु वारशाची मालमत्ता हाती येण्यासाठी त्यांना १६४३ पर्यंत वाट पाहावी लागली. आतल्या चौकात त्यांनी १६५९ मध्ये लावलेला यू हा सदाहरित वृक्ष आजही उभा आहे, आणि त्याच्याखाली काही वेळ स्वस्थ बसल्याशिवाय किल्ल्यातून बाहेर पडू नये, असे मला मनापासून वाटते.

दुपारी कालव्याकडे वळावे. लीड्स ते लिव्हरपूल हा सुमारे २०४ किलोमीटरचा कालवा गावातूनच जातो. त्याचा स्किप्टन ते बिंगली हा टप्पा १७७३ मध्ये खुला झाला. पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, तीच आता पादचाऱ्यांची वाट आहे. चुनखडीची वाहतूक करण्यासाठी काढलेला स्प्रिंग्ज हा छोटा फाटा किल्ल्याच्या कड्याखालून जातो आणि त्याच्या कडेने चालत गेल्यास किल्ल्यामागचे रान लागते.

दुसऱ्या दिवशी बोल्टन अ‍ॅबी किंवा मॅलहॅम यांपैकी एकच ठिकाण निवडावे. बोल्टन अ‍ॅबी येथे वार्फ नदीकाठी ११५४ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत आणि त्याचा काही भाग चर्च म्हणून अजून वापरात आहे. तिथून वर ‘स्ट्रिड’ या जागी सारी नदी एका अरुंद खडकाळ घळीत शिरते. घळ उडी मारून ओलांडता येईल असे वाटते, पण तसा प्रयत्न चुकूनही करू नये. येथे पडलेल्या अनेकांचा जीव गेला आहे. चालण्याची सवय असलेल्यांनी मॅलहॅमला जावे. तेथील चुनखडीचा कडा सुमारे ८० मीटर उंच असून, एरवी कोरड्या असलेल्या या कड्यावरून डिसेंबर २०१५ मधील वादळी पावसात काही काळ धबधबा कोसळला होता. कड्याच्या माथ्यावरच्या भेगाळलेल्या खडकावर पाय मुरगळण्याची भीती असते, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट घालावेत.

पायवाटा अनेकदा शेतकऱ्यांच्या कुरणांतूनच जातात. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे, दगडी गडग्यांवर चढू नये आणि वसंतात कोकरांच्या जवळ जाऊ नये. उन्हाळ्यातही पावसाचे जाकीट सोबत असावे. खेड्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची शेवटची बस किती वाजता सुटते हे सकाळी उतरतानाच थांब्यावर पाहून ठेवावे.