पबमधील रविवारचे रोस्ट: वेळ आणि चौकशी

इंग्लंडमध्ये पारंपरिक जेवणाचा खरा आस्वाद घ्यायचा असेल, तर रविवारी दुपारी एखाद्या जुन्या पबमध्ये ‘संडे रोस्ट’ आवर्जून घ्यावे. मात्र टेबल आधी राखून ठेवावे आणि शक्यतो एक वाजेपर्यंत पोहोचावे, कारण भाजलेले मांस सकाळीच ठरावीक प्रमाणात तयार होते आणि उशिरा येणाऱ्यांना अनेकदा ते मिळत नाही. बहुतेक पबमध्ये टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून काउंटरवर जाऊन मागणी नोंदवावी लागते.

ताटात मांसाचे काप, भाजलेले बटाटे, भाज्या, ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग असते. नावात पुडिंग असले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी व दुधाचे सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवतात आणि त्याच्या मधल्या खळग्यात ग्रेव्ही भरून ते गरम असतानाच खाण्यात खरी लज्जत आहे.

शाकाहारी मंडळींनी नट रोस्ट, म्हणजे मांसाऐवजी सुकामेव्याचा भाजलेला पदार्थ, मागवावे, पण बटाटे व पुडिंग कोणत्या चरबीत केले आहेत आणि ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे का, हे निःसंकोच विचारावे. उत्तर इंग्लंडमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानांतील चिप्ससुद्धा पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत तळलेले असतात.