जुना रुपया गुजरीत नेण्याआधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मावशीनं देव्हाऱ्यातली पितळी डबी उघडली आणि पाच नाणी माझ्या तळहातावर ठेवली. "सगळे चांदीचे बंदे रुपये आहेत, गुजरीत भाव विचारून ये." गुजरी म्हणजे आमच्याकडची सराफांची पेठ. पाचातले पुऱ्या चांदीचे दोनच निघाले. कोल्हापुरात घरोघरी अशा डब्या आहेत, आणि चुकाही बहुतेक घरांत त्याच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकसाळीची खूण पाहून चांदी ठरवणं. खूण एवढंच सांगते की नाणं कुठे पडलं. चांदी आहे की नाही, हे साल सांगतं. 1835 ते 1939 या सालांचा ईस्ट इंडिया कंपनीचा किंवा राणी-राजाछाप रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात 91.7 टक्के चांदी. जुना तोळा तो हाच, एका रुपयाचं वजन. 1940 ते 1945 च्या रुपयाचं वजन तेवढंच राहिलं, पण चांदी निम्म्यावर आली. त्याच्या कडेवरच्या दात्यांमधून गोल फिरणारी खाच दिसते. 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. मावशीच्या डबीत तो होताच. लोहचुंबक जवळ नेताच टक्कन चिकटला. "अरे, वीस वर्षं लक्ष्मीपूजनात ठेवलाय मी तो," मावशी म्हणाली. पूजेत खुशाल ठेव म्हटलं, फक्त चांदीच्या हिशेबात धरू नको.

याची उलटी चूकही होते. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, असं नाही. पितळ, तांबं, शिसं, तांबं-निकेलचा मिश्रधातू, काहीच चिकटत नाही. 1919 आणि 1920 मधल्या आठ आण्यांच्या तांबं-निकेलच्या नाण्यांवर बरेच जण इथेच फसतात.

आता ठिपका. आजच्या नाण्यावर सालाखाली गोल ठिपका म्हणजे नोएडा, चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. हेच कोष्टक जुन्या रुपयाला लावलं की घोटाळा. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळापाशी ठिपका असेल तर तो मुंबईचा. नोएडाची टाकसाळ 1988 ची आहे. एडवर्डच्या रुपयावर मुंबईसाठी खोलगट 'बी' आहे. मावशीच्या 1907 च्या रुपयावर तो भिंगाशिवाय दिसेना. 1944 च्या रुपयावर 'एल' होता, म्हणजे लाहोर, आणि चांदी निम्मी. 1840 च्या रुपयावर राणीच्या मानेखालची 'डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरं टाकसाळीची नाहीत, ती विल्यम वायन या कोरणाऱ्याची आहेत. आणि 1862 साल दिसलं म्हणून रुपया त्याच वर्षी पडला असं धरू नका. ते साल 1874 पर्यंत तसंच छापलं जात होतं.

पाचवं नाणं रामदरबाराचं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. यात्रा-जत्रांत विकलं जाणारं पितळी टोकन आहे ते. यापायी लोक हजारो रुपये मोजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वतंत्र भारताची नाणीही फसवतात. 1969 चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. त्याच मालिकेतला एक रुपया मात्र निकेलचा. कमळाचे पिवळे वीस पैसे सोन्याचे नाहीत. जुनं म्हणजे चांदी हेही खोटंच. आपल्या कोल्हापुरातच सापडलेली विळिवायकुर राजाची, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची नाणी शिशाची आहेत.

शंका उरली तर कानस लावू नका. धातूची शुद्धता मोजणारं सराफाचं टंच मशीनही वरचाच थर वाचतं, मुलामा असेल तर चकतं. घरी एक करा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. रुपया दोऱ्याला बांधून तळाला-काठाला न टेकता पाण्यात पूर्ण बुडवा. पुऱ्या चांदीच्या रुपयाला काटा साधारण 1.13 ग्रॅम दाखवतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22 च्या आसपास, आणि त्याच वजनाच्या तांबं-निकेलच्या बनावट रुपयाला 1.31.

आणि चिंच, लिंबू, राख काही लावू नका. मावशीनं 1916 चा रुपया दर दिवाळीला घासून लख्ख केला होता. त्यावरचा मुंबईचा ठिपका आता बोटाला लागत नाही, भिंगाखाली उन्हात तिरपा धरला तेव्हा कुठे पुसटसा दिसला.